एकविसाव्या पानावरचं घड्याळ

वाचनालयाच्या बाईंनी कादंबरीचा आठवा भाग टेबलाच्या खणात ढकलला, वर आपली शाल टाकली आणि खणाला कुलूप लावलं. मगच त्या दार उघडायला उठल्या. काचेपलीकडे घड्याळजी उभे होते. काखेत सातवा भाग होता.

घड्याळजींना वाचनालयात कुणी नावाने हाक मारत नसे. कोपऱ्यावरच्या त्यांच्या अरुंद दुकानात सगळ्या वस्तीची घड्याळं दुरुस्त होत, तेवढी ओळख पुरेशी होती. पूर्वी ते इथे यायचे ते फक्त भिंतीवरच्या जुन्या घड्याळाला किल्ली द्यायला. पुस्तकाला कधी हात लावला असेल तर शपथ. गेल्या चार महिन्यांत मात्र त्यांनी सात जाडजूड भाग नेले आणि परत आणले होते.

"संपला," ते म्हणाले. "आठवा द्या."

"आठवा बाहेर गेलाय."

"कधी येईल? शुक्रवारी पोरीचं ऑपरेशन आहे. त्याआधी आठवा व्हायलाच हवा म्हणतेय. मी दुकान बंद ठेवलंय, दिवसभर वाचतो."

बाईंनी उगाचच रजिस्टरची पानं उलटली. आज सोमवार. संध्याकाळी एक चक्कर मारा, बघते, असं काहीतरी त्या पुटपुटल्या. घड्याळजी मान हलवून गेले. पाठीत एवढा वाकलेला माणूस चार महिन्यांपूर्वी ताठ चालत होता, हे बाईंना आठवलं.

चूक त्यांचीच होती. दुसऱ्या कुणाच्या माथी मारायची सोयच नव्हती.

चार महिन्यांपूर्वी घड्याळजी असेच टेबलाशी येऊन उभे राहिले होते. चौदा वर्षांची एकुलती एक लेक अंथरुणाला खिळली होती, उपचार लांबणार होते, आणि तिला वाचून दाखवायला काहीतरी लांबलचक हवं होतं. पुरलं पाहिजे, एवढीच त्यांची अट. आता लांबलचक म्हटल्यावर बाईंना कोण चेव आला! राजे, चेटकिणी, उडते सर्प, शापित तलवारी, सात-सात नऊ-नऊ भागांच्या त्या अवाढव्य कादंबऱ्यांचं कपाट म्हणजे त्यांचा जीव की प्राण. कुणाला कुठली मालिका लागू पडेल हे त्या चेहरा बघून सांगत, आणि लोक डोळे मिटून नेत. कारण बाईंचा एक नियम होता. स्वतः शेवटापर्यंत वाचल्याशिवाय कुणाला काही सुचवायचं नाही.

त्यांनी चिठ्ठीवर तीन मालिकांची नावं लिहून दिली होती. दुसऱ्या दिवशी घड्याळजी चिठ्ठी घेऊन परत आले. लेकीने एका नावाखाली पेन्सिलीने रेघ मारली होती. धुक्यात हरवलेल्या राज्यांची, नऊ भागांची कथा.

"शेवट चांगला आहे ना, बाई?" त्यांनी विचारलं होतं. "वाईट शेवटाचं नको."

मागे रांग होती. बाई छातीठोकपणे बोलून बसल्या, मी सगळं वाचलंय, निर्धास्त न्या. खरं तर त्यांचे चारच भाग झाले होते. गेल्या उन्हाळ्यात शिडीवरून पडून पाय प्लास्टरमध्ये गेला, दोन महिने बदली माणसाने वाचनालय सांभाळलं, आणि पुढचे भाग राहिले ते राहिलेच. घड्याळजी तिथवर पोचेपर्यंत वाचून टाकू, असं म्हणत म्हणत दिवस गेले. डोळेही हल्ली कुरकुरत होते. सबबी काय, हव्या तेवढ्या सापडतात.

आणि आज सकाळी निवृत्त पोस्टमास्तरांनी आठवा भाग टेबलावर आदळला. लेखकाने दगा दिला म्हणाले. ती नकाशे काढणारी गोड पोर, तिला तापात झिजवून झिजवून मारलं. नववा मी नेणार नाही.

घड्याळजींच्या लेकीला तीच पोर सगळ्यात आवडायची. तिसऱ्या भागापासून ती स्वतःला नकाशेवालीच म्हणवून घेत होती. घड्याळजींनी हे कौतुकाने सांगितलं होतं. वर हसून म्हणाले होते, गोष्टीतला तिचा बाप म्हणजे मी. गाड्यांची चाकं करणारा, नकाशातलं ओ की ठो न कळणारा.

आता हा बाप ऑपरेशनच्या आदल्या दिवशी, लेकीच्या उशाशी बसून, आपल्याच तोंडाने ते मरण वाचणार. काय येणार आहे हे त्याला ठाऊक नाही. वाचता वाचता थांबला तरी पोरीला कळणार, आणि थांबला नाही तरी.

दुपारच्या सुट्टीत बाईंनी दाराला आतून कडी घातली. खण उघडला. पुस्तक बाहेर काढलं आणि शेजारी पुस्तकबांधणीचं पातं ठेवलं. तीस वर्षं त्यांनी फाटकी पुस्तकं शिवली होती, चिकटवली होती. कुणी पान फाडलं तर त्याला सगळ्यांसमोर झापलं होतं. आज त्या स्वतः एक प्रकरण कापून काढायला बसल्या होत्या. आधी त्या थंड पाणी प्यायल्या.

नेमकं कुठून कापायचं ते शोधायला त्यांनी पहिल्यापासून पानं उलटली, आणि एकविसाव्या पानावर त्यांचा हात थबकला.

खाली कोपऱ्यात पेन्सिलीने काढलेलं मुगाच्या दाण्याएवढं घड्याळ होतं. काटे दहा वाजून दहा मिनिटांवर.

वाचलेलं पुस्तक पुन्हा नेलं जाऊ नये म्हणून जुने वाचक असली खूण करतातच. पोस्टमास्तर पन्नासाव्या पानावर फुली मारत, शाळेतल्या मुख्याध्यापिका बाराव्यावर ठिपका देत. बाईंनी ओरडून ओरडून शेवटी नाद सोडला होता, पण कुणाची खूण कुठली हे त्यांना तोंडपाठ होतं. एकविसाव्या पानावरचं घड्याळ बालविभागापासून एकाच पोरीचं होतं. घड्याळजींच्या लेकीचं.

त्यांनी कपाटातून नववा काढला. घड्याळ होतं. मग सातवा, मग पहिला. सगळीकडे तेच घड्याळ, तेच काटे. तिने हे सगळे भाग बाईंच्या नकळत नेले असतील असा एकच काळ होता, गेल्या उन्हाळ्याचे ते दोन महिने. तेव्हा पोर धडधाकट होती आणि शाळेला सुट्टी होती.

म्हणजे चिठ्ठीवर रेघ मारताना तिला सगळं ठाऊक होतं. आठव्या भागात काय होतं तेसुद्धा.

बाईंनी पातं खणात टाकलं. नववा भाग उघडून त्या शेवटची वीस पानं उभ्यानेच वाचू लागल्या. चाकं करणारा तो बाप लेकीने काढून ठेवलेला नकाशा हातात धरून धुक्यात उतरतो. आधी त्याला एकही रेघ कळत नाही. मग कळू लागते. सगळ्यांना घेऊन तो घरी पोचतो. बाईंना पुढच्या ओळी दिसेनात, तेव्हा त्या शिडीच्या पायरीवर बसल्या आणि मोकळेपणाने रडल्या. रडून झाल्यावरही छातीतली भीती होती तिथेच होती.

संध्याकाळी घड्याळजी आले तेव्हा आठवा भाग टेबलावर होता. त्यांनी तो उचलला आणि थेट एकविसावं पान उघडलं.

"तिला वाटतं मला माहीत नाही," घड्याळजी म्हणाले. "पहिल्याच भागात दिसलं होतं मला. दहा-दहा तिला मीच शिकवलंय, दुकानातली घड्याळं तशीच लावतो आम्ही. तरी प्रकरण संपलं की मलाच विचारते, बाबा, आता काय होईल हो? मी सांगतो, काही होत नाही, घाबरू नकोस."

ते किंचित हसले.

"तिचं आधी वाचून झालंय, आणि तरी माझ्याकडून हेच वाचून घेतेय. म्हणजे शेवट चांगलाच असणार."

बाईंनी नववा भाग खालून काढून त्यावर ठेवला.

"हाही न्या."

"एका वेळी एकच असा नियम आहे ना तुमचा?"

"असू दे. आठवा संपला की थांबू नका. तिथेच बसून नववा सुरू करा."

घड्याळजींचा हात पुस्तकावर तसाच राहिला.

"तीही काल हेच म्हणाली," ते हळूच म्हणाले. "आठवा झाला की थांबायचं नाही, बाबा. मी झोपले असले तरी वाचत राहायचं."

घड्याळजींनी बाईंचे सुजलेले डोळे पाहिले, आणि मग दुसरीकडे बघितलं.

"शेवट चांगला आहे ना, बाई?"

"मी वाचलाय," बाई म्हणाल्या. या वेळी ते खरं होतं.

घड्याळजींनी दोन्ही भाग छातीशी धरले. दाराशी पोचल्यावर सवयीने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं, आपल्या मनगटाकडे पाहिलं.

"दोन मिनिटं मागे पडलंय," ते म्हणाले. "शुक्रवारनंतर येऊन बघतो."

"या," बाई म्हणाल्या. "मी हात लावत नाही त्याला."