एक वॉशर जास्तीचा

मी मोटारसायकल बोलतेय. पुठ्ठ्याची आहे, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर कुणी नाक मुरडायला नको. लांबीला हातभर, वजनाला एखाद्या वहीइतकी. पेट्रोल पीत नाही, धूर सोडत नाही, आणि आभाळ भरून आलं की मला कोरडा कोपरा लागतो. बाकी खऱ्या गाडीत असतं ते सगळं माझ्यात आहे. उलट एक वस्तू जास्तच आहे, आणि मला तिचीच गोष्ट सांगायची आहे.

माझे मालक मोटारसायकली दुरुस्त करतात. सगळे त्यांना मास्तर म्हणतात, कारण काम करता करता ते गिऱ्हाइकाला शिकवत सुटतात. "इंजिन चालू असताना चेनजवळ चिंधी न्यायची नाही," हे त्यांनी हजारदा सांगितलं असेल. आणि एका दुपारी घाईघाईत त्यांनीच नेली. चिंधी आत ओढली गेली, आणि चिंधीबरोबर उजव्या हाताची दोन बोटं.

बोटं वाचली. डॉक्टरांनी आतलं सगळं जोडलं, टाके घातले. पण तर्जनी वाकेना, आणि तिच्या टोकाला काही कळेना. गरम पेला धरला तरी तिला पत्ता नसायचा. व्यायाम शिकवायला येणाऱ्या बाई म्हणाल्या, "बोट वाकेल हळूहळू. स्पर्श मात्र सगळ्यात शेवटी येतो. किती येईल ते आज नाही सांगता येत." त्यांनी दाबायला एक मऊ चेंडू दिला. मास्तरांनी तो कपाटावर ठेवला आणि परत त्याच्याकडे पाहिलं नाही.

गॅरेजला कुलूप लागलं. मास्तर दिवसभर घरात बसून पंख्याच्या आवाजावरून त्याच्या बेअरिंगचं निदान करत राहायचे. दार करकरलं की बिजागरी कुणी बसवली याची चौकशी. शेजारच्यांचा मिक्सर सुरू झाला की "जळणार, आठवड्यात जळणार!" त्यांच्या बायकोच्या, म्हणजे आमच्या वहिनींच्या, नाकी नऊ आले.

वहिनी औषधांच्या दुकानात काम करतात. एक दिवस त्यांनी दुकानातलं मोठं रिकामं खोकं आणून मास्तरांपुढे आपटलं, वर कटर ठेवला.

"अहो, जगातल्या सगळ्याला नावं ठेवताय. आता एक गाडी करून दाखवा. पुठ्ठ्याची."

"मी काय लहान पोर आहे?"

"लहान पोराला जमेल असं वाटतंय का तुम्हाला?"

झालं, मास्तर पेटले.

माझं पहिलं चाक बटाट्यासारखं झालं होतं, ते कचऱ्यात गेलं. दुसरं आणि तिसरंही गेलं. तेव्हा सगळं काम डावा हात करायचा आणि उजवा नुसता पुठ्ठ्यावर पडून राहायचा, कागद उडू नये म्हणून ठेवलेल्या दगडासारखा. चौथं चाक गोल आलं. पुठ्ठ्याचा वरचा कागद सोलल्यावर आतल्या ज्या लाटा दिसतात, त्यांची पट्टी मास्तरांनी चाकावर गुंडाळली, तर अगदी टायरची नक्षी. त्या दिवशी ते पहिल्यांदा पोटभर जेवले.

दुसरा कुणी असता तर त्याने मला वरवर सजवलं असतं. मास्तरांनी आधी माझं इंजिन केलं, तेही आतून. पिस्टन, गिअर, क्लचच्या प्लेटा, शेंगदाण्याएवढे, मुगाएवढे वॉशर.

"एवढं कशाला? आतलं दिसणार कुणाला?" वहिनींनी विचारलं.

"मला माहीत असेल ना," मास्तर म्हणाले.

इंजिन त्यांनी चिकटवलं नाही. कागदाच्या सुरळ्या वळून बोल्ट केले आणि त्यांनी दोन अर्धे जोडले. जी उघडता येत नाही ती गाडीच नव्हे, असं त्यांचं म्हणणं. चेनला एकशेचार कड्या, प्रत्येक कडीला दोन भोकं. मला तर कंटाळून जांभया यायला लागल्या होत्या. पण तिसाव्या कडीनंतर एक गंमत झाली. कडी धरायला उजव्या हाताचा अंगठा पुढे आला आणि त्याच्यामागून तर्जनी वाकली. मास्तरांचं लक्ष भोकाकडे होतं, त्यांना कळलंच नाही.

चार महिन्यांनी मी पूर्ण झाले. मागचं चाक फिरवलं की पोटात पिस्टन खालीवर होतो, बारीक खस्‌खस् ऐकू येतं. शेजारीपाजारी येऊन कौतुक करून गेले. मी टेबलावर ऐटीत उभी, जन्माचं सार्थक झाल्यासारखी.

आणि मास्तर मात्र खचले. करायला काही उरलंच नव्हतं. उजवा हात खिशात गेला. एक दिवस त्यांनी सुट्या भागांच्या दुकानदाराला फोन लावला. "माझी अवजारांची पेटी घेऊन जा. उद्या सकाळी या."

वहिनी हातातलं काम टाकून आल्या. "अहो, एवढी चेन केलीत तुम्ही!"

"डाव्या हाताने केली. उजव्याने नुसतं धरलं."

साफ खोटं! मी साक्षीला होते, पण पुठ्ठ्याला कोण विचारतो?

"पुठ्ठ्याचं सोड," मास्तर हळू आवाजात म्हणाले. "उद्या कुणाचा ब्रेक बसवला आणि या बोटाला कळलंच नाही की नट नीट बसला नाही, तर? पडेल कुणीतरी रस्त्यावर. माझ्या हातून नको."

खरी भीती ही होती.

त्याच दुपारी मास्तर झोपले असताना वहिनींनी पर्समधून गोळ्यांची एक रिकामी, चकचकीत कागदी डबी काढली. नखं कापायच्या कातरीने इवलासा गोल कापला, मधोमध सुईने भोक पाडलं आणि तो टेबलाखाली, बरोबर माझ्या खाली टाकला. मी सगळं पाहत होते. या बाईच्या मनात काय आहे, मला काही उमगेना.

मास्तर उठले. वहिनी केर काढत होत्या. "अहो, हे काय पडलंय बघा."

मास्तरांनी वाकून उचललं आणि त्यांचा चेहराच उतरला. गाडी जोडून झाल्यावर एखादा भाग हातात उरणं, याच्यासारखी मेकॅनिकची दुसरी नाचक्की नाही.

"वॉशर? हा कुठला राहिला?"

"असू दे हो, खेळणंच तर आहे."

"असू दे काय असू दे!"

वर्तमानपत्र अंथरलं गेलं आणि माझ्यावर संक्रांत आली. चेन उतरली, चाकं निघाली, बोल्ट सुटले, इंजिनाचे दोन अर्धे झाले. मला वाटलं, संपलं आपलं. पण त्या घाबरलेल्या अवस्थेतही मला त्यांची बोटं दिसत होती. उजवा अंगठा आणि उजवी तर्जनी पिस्टनच्या पिनेवरची मुगाएवढी कडी अलगद उचलत होती, ओळीत मांडत होती. डावा हात नुसता कागद धरून होता.

मास्तरांनी वॉशर मोजले. सगळे जागच्या जागी. पुन्हा मोजले, तरी तेवढेच. मग तो उरलेला वॉशर ते अंगठा आणि तर्जनीमध्ये चोळत विचार करायला लागले. आणि एकदम थांबले.

"हा गुळगुळीत आहे," ते म्हणाले. "माझे सगळे खरखरीत. हा माझा नाहीच."

वहिनींचा केरसुणीवरचा हात थांबला. मास्तर आपल्या तर्जनीकडे बघत होते.

"अगं, मला गुळगुळीत लागला तो."

त्यांनी डोळे मिटले, हात पुढे केला. "ठेव. कुठलाही ठेव."

वहिनी एकेक वॉशर ठेवत गेल्या. खरखरीत. खरखरीत. गुळगुळीत. खरखरीत. मास्तर एकदाही चुकले नाहीत. शेवटी वहिनी पदर तोंडाला लावून तिथेच खाली बसल्या, रडतायत की हसतायत ते मला कळेना.

"गोळ्यांच्या डबीचा ना?" मास्तरांनी विचारलं.

"हो."

"कातर बोथट होती."

माझे साठ-सत्तर तुकडे वर्तमानपत्रावर पसरले होते, तरी माझा जीव भांड्यात पडला. इतकं हलकं मला जोडलेल्या अंगानेही कधी वाटलं नव्हतं. मास्तरांनी फोन लावला. "उद्या येऊ नका. पेटी द्यायची नाही. अहो, भाव वाढवत नाहीये, खरंच द्यायची नाही!"

संध्याकाळपर्यंत त्यांनी मला पुन्हा जोडलं. तो वॉशर तेवढा उरला. तो त्यांनी मागच्या चाकाच्या दांड्यावर, आतल्या बाजूने सरकवला.

"अहो, तिथे दिसणार कुणाला?"

"तुला माहीत असेल ना," मास्तर म्हणाले.

आता मी गॅरेजमधल्या वरच्या फळीवर असते. टाकीवर ग्रीस लागलेल्या अंगठ्याचा एक ठसा आहे, तो मी मिरवते. थंडीच्या सकाळी तर्जनी अजून अर्धवट झोपलेली असते, म्हणून मास्तर प्रत्येक नट दोनदा तपासतात. चिंधी गाडी बंद झाल्याशिवाय हातात घेत नाहीत. शिकवणं मात्र दुप्पट वाढलंय.

तुम्ही कधी आलात तर मला ओल्या हाताने उचलू नका, एवढं ऐका. चाक खुशाल फिरवा. खस्‌खस् होईल आणि दर फेरीला एक बारीक टक् ऐकू येईल, तो त्या जास्तीच्या वॉशरचा. पंखा कुरकुरला तरी ज्यांना झोप येत नाही, त्या मास्तरांनी तो आवाज आजवर काढलेला नाही. तुम्हीही काढू नका.