टापटीप घरातली बुरशी

मी एक जुनी काचेची बरणी आहे. मित्रांनो, हसू नका. भट्टीतून निघाले तेव्हा माझ्याकडे बघत राहावं इतकी मी लखलखत होते. काही वर्षं मी साखर सांभाळली. पाहुणे आले की पहिला मान माझा! पुढे झाकण ढिलं झालं, मुंग्यांना वाट सापडली आणि माझी रवानगी खिळ्यांच्या फळीवर झाली. गरज सरो, वैद्य मरो!

तिथून मला काढलं ते घरातल्या ताईने. विज्ञान प्रदर्शनासाठी तिला पावावर बुरशी वाढवायची होती. पाणी शिंपडून तिने पावाचा तुकडा माझ्यात ठेवला आणि झाकणाला चिकटपट्टी लावली. साखरेच्या घरात बुरशी! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण हळूहळू हिरवी-पांढरी लव उगवली आणि, खोटं कशाला बोलू, मला तिचा लळा लागला.

धोका होता बाबांचा. स्वच्छता म्हणजे त्यांचा जीव की प्राण. गेल्या वर्षी ताईने कापसावर रुजवलेले कोंब त्यांनी केर समजून टाकले आणि ती रिकाम्या हातांनी शाळेत गेली. म्हणून यंदा तिने माझ्यावर कागद चिकटवला, 'हात लावू नये'. प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी बाबांनी आधी तो कागद भिजवून काढला, मग मला साबणाने घासलं. मी चकाकत होते आणि मला रडू येत होतं.

"बाबा, आता मी काय नेऊ?" ताईला हुंदका आवरेना.

"अगं, मला वाटलं काहीतरी नासलंय," बाबा ओशाळले. "पण वस्तू ज्या त्या दिवशीच धुवावी. मी कधी माझा डबा तसाच ठेवतो का?"

आईने त्यांची ऑफिसची जुनी बॅग आणली आणि तळातून डबा काढला. "हरवला म्हणून शोधत होतात ना? घ्या."

आत पावाच्या तुकड्यावर हिरवी, काळी, पिवळी अशी बुरशी नुसती माजली होती!

"हा... माझा नाही," बाबा म्हणाले.

"मग झाकणावर तुमच्या ऑफिसचा शिक्का कसा?"

नाकाला रुमाल बांधून बाबांनीच तो तुकडा चिमट्याने माझ्यात ठेवला.

प्रदर्शनात माझ्याभोवती ही गर्दी! परीक्षक बाईंनी विचारलं, "इतकी छान बुरशी कुठून आणलीस गं?" ताईने बाबांकडे पाहिलं. बाबा कानापर्यंत लाल झाले. मग छाती काढून म्हणाले, "आमच्या घरचीच आहे!"

मित्रांनो, बरण्या जरूर घासा, पण आत कोण राहतंय ते आधी लहानांना विचारा. आमचे बाबा तर आता रिकामा पेला उचलतानाही हाक मारतात, "ताई, धुऊ का गं?"