उरकून टाकावे

विभागात तिला सगळे ‘उन्हाळीबाई’ म्हणत, आणि ते तिला माहीत होतं. मूलकणांच्या भौतिकशास्त्रात पीएच.डी. करणाऱ्या मुलांना दर उन्हाळ्यात कुठल्या शाळेला पाठवायचं, हे अकरा वर्षं तीच ठरवत होती. शाळा म्हणजे दोन आठवडे. सकाळी व्याख्यानं, दुपारी गणितं, संध्याकाळी गटागटानं चर्चा. लहानसहान शाळा ढिगानं होत्या, पण मोठी शाळा एकच. तिथे एका संस्थेतून वर्षाला एकच विद्यार्थी घेत, आणि एका माणसाला जन्मात एकदाच. म्हणून तिथे तिसऱ्या वर्षी जायचं असतं, हातात स्वतःचं काही काम असताना. पहिल्या वर्षी जाणं म्हणजे पोहायला शिकण्याआधी शर्यतीत उडी मारणं.

हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. तिनं ते भोगलं होतं.

बावीस वर्षांपूर्वी, पीएच.डी.ला लागून सहा महिनेही झाले नव्हते, तेव्हा तिच्या मार्गदर्शकांनी, मोठ्या सरांनी, तिला बोलावून सांगितलं, “या वर्षी तू जाऊन ये.” तिला आभाळ ठेंगणं झालं. नवे बूट घेतले, नवी जाड वही घेतली. पहिल्याच संध्याकाळी गटप्रमुखानं विचारलं, “तुझं काय म्हणणं?” तिचं काहीच म्हणणं नव्हतं, तिला प्रश्नच कळला नव्हता. पुढच्या सगळ्या संध्याकाळी ती मिठाची गुळणी धरून बसली, आणि पुढे ज्यांनी नोकऱ्या द्यायच्या त्या मोठ्या मंडळींनी तिला तशीच लक्षात ठेवली. तिसऱ्या वर्षी तिचं काम सगळ्यांत उजवं होतं. पण तिची पाळी होऊन गेली होती. गेला तो लाडोबा. तिच्याच बरोबरीचा, सरांचा लाडका, म्हणून लाडोबा. परत आला तो पुढची नोकरी खिशात घालूनच. तिला पक्की नोकरी मिळायला त्यानंतर नऊ वर्षं लागली, आणि मिळाली ती नेमकी त्याच्या शेजारच्या खोलीत.

नशीब म्हणून तिनं हेही गिळलं असतं. पण शाळांचं काम तिच्याकडे आलं तेव्हा कपाटातल्या जुन्या फायलीत तिला स्वतःचा अर्ज सापडला. त्याला टाचणीनं चिठ्ठी लावलेली होती, आणि अक्षर लाडोबाचं होतं. ‘सर, हिला या वर्षीच उरकून टाकावे. म्हणजे पुढे अडचण नको.’

उरकून टाकावे! भांडी उरकतात, केर उरकतात. माणसाला उरकतात हे तिनं तेव्हा पहिल्यांदा वाचलं. ती कुणाला काही बोलली नाही. चिठ्ठी अर्जासकट खणात ठेवली आणि वाट पाहिली. राग शिळा होतो म्हणणाऱ्यांनी कधी नीट राग धरलेलाच नसतो. तो लोणच्यासारखा मुरतो.

मग एक दिवस लाडोबा स्वतःच्या पायांनी तिच्या खोलीत आला. त्याची लेक आता याच विभागात, दुसऱ्या एका प्राध्यापकाकडे पीएच.डी. करत होती. सहा महिने झाले होते.

“या वर्षी मोठ्या शाळेत मी शिकवायला आहे, कळलंय ना?” तो म्हणाला.

“कळलंय. तू सगळ्यांना दोनदा मेल केलीस.”

“तर मग लेकीलाच पाठव. तिचे सर तयार आहेत. मी फळ्यापाशी, ती पहिल्या बाकावर. पुन्हा असा योग यायचा नाही.”

“पहिलंच वर्ष आहे रे तिचं.”

“मी आहे ना तिथे. अडलं तर सांगेन.”

तिनं त्याच्याकडे पाहिलं. त्याला खरंच दिसत नव्हतं. लेकीपुढे फळ्यावर मिरवायच्या हौसेनं आंधळा झाला होता. “हरकत नाही,” ती म्हणाली. घासाघीस करायच्या तयारीनं आलेला लाडोबा चकितच झाला. तो गेल्यावर तिनं लेकीच्या अर्जावर सही केली, तारीख टाकली, खणातली चिठ्ठी काढून त्यावर ठेवली आणि फाईल मिटली. जशास तसं, तेही त्याच्याच विनंतीवरून. त्या दुपारी तिला जेवण फार गोड लागलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी लेक आली. दार लावून उभी राहिली.

“मॅडम, एक सांगू? मला या वर्षी जायचं नाहीये. अजून माझा पायाच कच्चा आहे. तिथे नुसती बसून राहीन मी. पण बाबांना सांगायची सोय नाही. तुम्ही नाही म्हणालात तर बरं होईल.”

उन्हाळीबाईच्या मनात आलं, हे तर दुधात साखर. पोरगीही वाचेल आणि बापाचं नाकही कापलं जाईल. आणि मग तिला आणखी एक सुचलं. तिनं फाईल उघडून पोरीसमोर सरकवली.

“हे अक्षर ओळखतेस?”

पोरीनं चिठ्ठी वाचली. टाचणीला लटकलेला जुना अर्ज होता तसाच होता, त्यावरचं मॅडमचं नावही वाचलं. तिचा चेहरा उतरला. त्यासाठीच तर हा खेळ मांडला होता, आणि तो चेहरा पाहून उन्हाळीबाईला बरं वाटलं. अगदी खरं सांगायचं तर खूप बरं वाटलं.

पोरीनं चिठ्ठी उचलली. खाली तिचा स्वतःचा, यंदाचा अर्ज होता. उन्हाळीबाई तो साफ विसरली होती.

“ही सही कालची आहे,” पोरगी म्हणाली.

“हो.”

“म्हणजे पहिल्या वर्षी गेलं की काय होतं, ते तुम्हाला माहीत असताना केलीत.”

“हो.”

“तुम्हीपण मला उरकूनच टाकत होतात.”

पुन्हा एकदा तिचं काहीच म्हणणं नव्हतं. फक्त या वेळी प्रश्न नीट कळला होता. तिनं पेन घेतलं, सहीवर आडवी रेघ मारली, खाली लिहिलं, ‘तिसऱ्या वर्षी पाठवावे’, आणि त्याखाली नव्यानं सही केली.

“ही चिठ्ठी नेऊ?” पोरीनं विचारलं.

“ने.”

तिसऱ्या दिवशी लाडोबा दारात उभा राहिला. रात्रभर डोळा लागला नसावा.

“काय दाखवलंस तिला?”

“तुझं अक्षर.”

“अगं, बावीस वर्षं झाली त्याला.”

“मोजता येतात मला.”

“चिठ्ठी फ्रिजच्या दारावर लावलीय तिनं. काढू देत नाही. बोलत नाही माझ्याशी.”

“दोनच आठवडे कळ काढ,” ती म्हणाली. “मग जाशीलच तू शिकवायला.”

तो मान खाली घालून गेला. अकरा वर्षं ज्या पाठमोऱ्या माणसाची वाट पाहिली होती तो हाच. तिनं तो जिना संपेपर्यंत पाहून घेतला, आणि त्याची तिला मुळीच दया आली नाही.

पोरगी मात्र अजूनही येते. कधी लहान शाळेचा अर्ज, कधी प्रवासाची परवानगी. अदबीनं ‘मॅडम’ म्हणते. उन्हाळीबाई सही करून कागद परत देते, तेव्हा पोरगी तो तिच्यासमोरच उभी राहून वाचते, पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत, आणि मग उलटवून मागची बाजूही पाहते.