फुगलेली टाकी

जिन्यावरून पडून पाय मोडल्यापासून मेकॅनिकचं सगळं जग एका खिडकीत येऊन बसलं होतं. तिसऱ्या मजल्यावरच्या त्या खिडकीतून धक्का दिसायचा, आणि धक्क्याला बांधलेली घरची होडी. ती सध्या धाकटा भाऊ चालवत होता.

त्या दुपारी भाऊ जेवून खाली उतरला तेव्हा मेकॅनिकचं लक्ष होडीतल्या लाल टाकीकडे गेलं. सकाळपासून उन्हात पडून ती टम्म फुगली होती. तेवढ्याने तो घाबरला नसता. नव्या टाक्या उन्हात फुगतातच. झाकण हळूहळू सैल करून आतली वाफ सोडली की झालं. पण टाकीची नळी इंजिनाला तशीच जोडलेली होती. म्हणजे भाऊ जेवायला वर आल्यापासून दोन तास आतला दाब पेट्रोल इंजिनात रेटत होता. ते उतू जाऊन होडीच्या तळाशी साचलं असणार.

"इंजिन बंद केलं की आधी नळी काढायची," हे त्याने भावाला शंभरदा सांगितलं होतं. भाऊही शंभरदा "हो दादा" म्हणाला होता. दाबाने आपोआप पेट्रोल जाऊ न देणारी एक झडपही आणून ठेवली होती. बसवू बसवू म्हणता पायच मोडला.

त्याने फोन लावला. घंटी बाहेरच्या खोलीतच वाजली. भाऊ फोन टेबलावर विसरून गेला होता.

"अगं, धावत जा," तो बायकोला म्हणाला. "त्याला सांग, इंजिनाला हात लावू नकोस. होडीत पेट्रोल सांडलंय."

काय, कसं, असलं काही न विचारता ती अनवाणीच सुटली.

खिडकीच्या गजांना धरून तो घसा फोडून ओरडू लागला. वारा पाण्याच्या दिशेने वाहत होता, तरी शब्द पोचत नव्हते. मग ताट घेऊन त्याने गजांवर बडवलं. भावाने वर पाहिलं, हसला आणि हात हलवला.

भावाने इंजिन चालू करायची दोरी ओढली. इंजिन पेट्रोलने तुंबलेलं, ते कुठलं चालू होतंय? दुसऱ्यांदा ओढली. मग थांबून त्याने इंजिनावरचं झाकण काढलं, वाकून आत पाहिलं. मेकॅनिकचा जीव भांड्यात पडला. आता वास येईल, आता तरी हा मागे सरकेल.

पण भावाला आठवडाभर सर्दी होती. त्याने झाकण बाजूला ठेवलं आणि पुन्हा दोरी ओढली.

आवाज फार मोठा झाला नाही. भक्कन जाळ उठला आणि त्यात भाऊ दिसेनासा झाला. मग पाण्यात काहीतरी पडलं. बायको तेव्हा फाटकाबाहेर नुकतीच पोचत होती. मेकॅनिकने मोडका पाय जमिनीवर टेकवला आणि तिथेच कोसळला. पुढचं त्याला दिसलंच नाही, नुसतं ऐकू आलं.

भाऊ वाचला. वहिनीनेच त्याला बांबूच्या आकड्याने काठाशी ओढलं. दोन्ही हात कोपरापर्यंत भाजले होते. बारा दिवस तो दवाखान्यात होता आणि मेकॅनिकला त्याला बघायलाही जाता आलं नाही.

घरी आला तेव्हा तो खिडकीपाशी, दादाच्या शेजारीच बसला.

"मला वाटलं, तू गंमत करतोयस," भाऊ म्हणाला. "ताट वाजवून."

"हं."

"नळी काढली की दरवेळी हातावर पेट्रोल सांडायचं, दादा. कंटाळा यायचा. म्हणून राहू दिली."

मेकॅनिकच्या ओठांवर पुष्कळ काही आलं होतं. त्याने भावाच्या हातांवरच्या पट्ट्या पाहिल्या आणि ते गिळून टाकलं.

"इंजिन वाचेल का?" भावाने विचारलं.

"सुटं करून बघावं लागेल."

"कोण करणार? तुझा पाय हा असा, माझे हात हे असे."

तेवढ्यात बायको एकाच ताटात दोघांचं वाढून घेऊन आली, आणि आधी दिराला भरवू लागली.