डॅम्परशिवाय

इंजिन मिनिटाला साडेसात हजार फेऱ्यांवर स्थिरावलं की आमची टेस्ट बेडची, इंजिन चालवून बघायची, खोली लांब होते. समोरची भिंत मागं सरकते, तिच्यावरचं कॅलेंडर टिकलीएवढं दिसायला लागतं, आणि त्या टोकाला माझा थोरला भाऊ धैर्यशील प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसलेला असतो. तो मागच्या श्रावणात काविळीनं गेला.

लांब होते तशी खोली अरुंदही होते. पहिल्या वेळी दोन्ही बाजूच्या भिंती हातभर आत आल्या. हवा तेवढीच राहते, असं आबा, आमचे वडील, म्हणाले. लांबीला दिली की रुंदीला कमी पडणारच.

इंजिन दादाचंच होतं. एका भंगारात निघालेल्या गाडीचं, चार सिलिंडरचं. उद्यमनगरातल्या आमच्या शेडमध्ये आबा आयुष्यभर क्रँकशाफ्ट ग्राइंडिंग करत आले आणि डिप्लोमा झाल्यावर मीही त्यांच्याच हाताखाली उभी राहिले. दादाला मात्र मातीच्या ट्रॅकवर गाडी पळवायची होती. टर्बो बसवायला तो तयार नव्हता. हवा कोंबून काढलेली ताकद उसनी असते, इंजिनानं आपल्या श्वासावर पळावं, असं तो म्हणायचा. आपल्या श्वासावर ताकद वाढवायची तर इंजिन जास्त फिरवावं लागतं, आणि जास्त फिरवलं की सगळं क्रँकवर, पिस्टनची वरखाली गोल फिरवणाऱ्या दांड्यावर, येतं. फेरे दुप्पट केले की ओढ चौपट होते. पिस्टन वर जाऊन थांबतो, खाली येऊन थांबतो, आणि त्या प्रत्येक थांबण्याचा हिसका क्रँकला सोसावा लागतो. दादानं सगळं जोडत आणलं होतं. चांगला क्रँक तेवढा राहिला होता.

तो गेल्यावर आबांनी इंजिन झाकून ठेवलं. मग एका सुट्टीच्या दिवशी दुपारी त्यांनी कापड काढलं, मूळचाच बिडाचा क्रँक पॉलिश करून बसवला आणि मला हाक मारली. ते थ्रॉटलच्या लिव्हरवर बसले, मी मीटरांपाशी उभी राहिले. फेरे चढत गेले आणि भिंत सरकली.

"आबा, दादा बसलाय," मी म्हणाले.

लिव्हरच्या जागेवरून ते टोक नीट दिसत नाही. मध्ये रेडिएटरचा स्टँड येतो. आबांनी मान वाकडी केली.

"मला गुडघेच दिसालेत," ते म्हणाले.

लिव्हर सोडून त्यांना उठता येत नव्हतं. हात सुटला की फेरे खाली येतात. मी निघाले. अर्ध्यावर पोचले नव्हते, तोवर क्रँक मोडला. खोली एकदम होती तेवढी झाली आणि माझं कपाळ कॅलेंडरवर आपटलं. मागं फरशीवर तेल पसरलं होतं. आबांनी इंजिनाखालचा तेलाचा संप खोलून क्रँकचे दोन तुकडे बाहेर काढले आणि ते किती तरी वेळ मांडीवर घेऊन बसले. बिडाला हे झेपायचं नाही, एवढंच बोलले.

दुसरा क्रँक आम्ही फोर्ज केलेल्या पोलादाचा केला. पिन जिथं गालाला, बाजूच्या जाड पाटीला, मिळते त्या कोपऱ्यात आबांनी गोलाई मोठी ठेवली, कारण क्रँक नेहमी तिथंच चिरतो. मी तो कोपरा आरशासारखा घासला. मग वरचा थर कठीण व्हावा म्हणून त्यावर नायट्रायडिंग करून आणलं. आई रोज शेडमध्ये येऊन बसायची. तिला आम्ही सांगितलं होतं. तिनं फक्त विचारलं होतं की तो जेवल्यासारखा दिसतो का.

या क्रँकवर मी टोकापर्यंत पोचले. चालायला वाटलं होतं त्यापेक्षा जास्त वेळ लागला. इंजिनाचा आवाज मागं राहिला आणि दादाच्या पुढ्यात उभी राहिले तेव्हा शेजारच्या घरातल्या शिलाई मशीनएवढा बारीक झाला होता. दादा आजारपणाच्या आधी होता तसा धडधाकट होता. डोळे तेवढे अजून पिवळे होते.

"मटेरियल कुठलं घेतलं?" त्यानं विचारलं.

"ईएन चोवीस. फोर्ज केलेलं."

"कोपऱ्याची गोलाई?"

"आबांनी ठेवली."

"मग बरोबर असेल."

मी त्याला घरचं सांगितलं. आबांच्या गुडघ्याचं, आईच्या डोळ्याच्या ऑपरेशनचं. तो ऐकत होता. दुखतं का, विचारलं. दुखत नाही, पण तहान फार लागते, म्हणाला. त्यानं मला लवकर परत जायला सांगितलं, कारण इंजिनाच्या आवाजात किंचित थरथर आली होती आणि ती मला ऐकू यायच्या आधी त्याला आली होती.

परत येऊन मी आबांना सगळं सांगितलं. त्यांनी लिव्हर हळूहळू खाली आणला. तहानेचं त्यांनी मला पुन्हा विचारलं, मग तिसऱ्यांदा.

ती थरथर आम्हा दोघांनाही ओळखीची होती. क्रँक दिसायला ठोकळा असला तरी फिरताना तो पिळवटतो. धुणं पिळावं तसा, आणि लगेच उलगडतो. ठरावीक फेऱ्यांवर हा पीळ आणि पिस्टनचे हिसके एका तालात येतात, झोक्याला बरोबर वेळेवर धक्का मिळत राहावा तसे, आणि पीळ वाढत जातो. म्हणून पुढच्या टोकाला डॅम्पर लावतात. जड कडं, मध्ये रबर. ते पीळ आपल्या अंगावर घेतं आणि क्रँक वाचतो. आबांनी चांगला डॅम्पर आणून बसवला.

त्या दिवशी आई पाण्याचा तांब्या भरून उभी होती. इंजिन साडेसात हजारांवर गेलं, आठ हजारांवर गेलं, नऊ हजारांपर्यंत लोण्यासारखं फिरलं. भिंत जागची हलली नाही. आई तांब्या धरून उभीच राहिली. आबांनी इंजिन बंद केलं तेव्हा ती म्हणाली, "आज नाही का?"

आबांनी इंजिन गार होऊ दिलं नाही. चटके सोसत त्यांनी डॅम्पर काढला आणि शेडच्या मागं नेऊन ठेवला. क्रँक पिळवटतो तिथंच खोली उघडते, हे त्यांनी मला सांगितलं नाही आणि मीही त्यांना सांगितलं नाही. आता आम्हाला असा क्रँक हवा होता, जो त्या पिळात उभा राहून टिकेल.

दुसऱ्या दिवशी आई गेली. तिच्या चालीनं वेळ लागला, पण ती पोचली. मी मीटरांपाशी उभी राहून तिच्या हातातला तांब्या चमकताना बघत होते. दादानं पाणी प्यायलं. आई परत आली, रिकामा तांब्या पालथा घालून ठेवला आणि स्वयंपाकाला लागली. त्या रात्री ती चांगली जेवली.

मग ती रोज जायला लागली. भाकरी न्यायची, ताक न्यायची. रोज भिंती थोड्या जास्त आत यायच्या आणि इंजिन बंद केल्यावर पूर्ण मागं जायच्या नाहीत. आधी लेथकडं जायची वाट गेली. मग मला आबांच्या मागून आडवं होऊन जावं लागायला लागलं. आई बारीक होती, तिला अडचण नव्हती.

एका दुपारी ती निघाली तेव्हा तिनं चपला दाराशी काढून ठेवल्या. टोकाला पोचल्यावर ती दादाच्या खुर्चीशेजारी खाली बसली आणि तिनं पाय पोटाशी घेतले. आम्ही वाट बघितली. ऑइल तापलं. मी हात हलवला, तिनंही हात हलवला. ये म्हणून खूण केली, तर तिनं मान हलवून नाही म्हटलं, भाजीवाल्याला म्हणावं तसं.

"आबा, आई उठत नाही."

"सांग तिला."

"सांगितलं."

क्रँक कण्हायला लागला होता. आबांनी जितकं धरवलं तितकं धरलं. मग त्यांचा हात खाली आला. भिंत परत आली. कॅलेंडर होतं, खिळा होता. आई नव्हती.

शेजारच्यांना आम्ही सांगितलं की ती गडहिंग्लजला माहेरी गेलीय. तिचा भाऊ तिला विचारायला आला, तेव्हा आबांनी त्याला चहा करून दिला आणि ती आत आहे म्हणाले. तो चहा पिऊन गेला.

क्रँक काढला तर तो वाकला होता. तिसरा आम्ही पोलादाच्या अखंड गोळ्यातून कोरला. पिना जाड केल्या, गाल जाड केले, वजनं हरभऱ्याएवढ्या फरकापर्यंत जुळवली. इतका मजबूत क्रँक आबांनी कधी केला नव्हता. पण मजबूत क्रँक सहजासहजी पिळवटत नाही. साडेसात हजारांवर खोली तशीच राहिली. आठ हजारांवरही. ती उघडली ती नऊ हजारांच्या पुढं, जिथं बाकीचं काहीच फार वेळ टिकत नाही, आणि उघडली ती इतकी लांब की टोकाला दोन ठिपके होते. एक खुर्चीत, एक खाली.

जितका मजबूत करू तितके ते लांब जाणार होते. आबांनी लिव्हर खाली आणला.

संध्याकाळी मी क्रँक उतरवून तपासला. चुंबक लावून वर काळी पूड टाकली की चीर असेल तिथं पूड रेघ धरून बसते. तिसऱ्या पिनेच्या कोपऱ्यात तिनं रेघ धरली. केसाएवढी. मी पुसून पुन्हा टाकली. पुन्हा तिथंच.

सकाळी आबांनी शेड उघडायच्या आधीच आंघोळ केली होती. पांढरा सदरा घातला होता, जो ते फक्त लग्नकार्याला घालतात. क्रँक त्यांनीच रात्रीत परत बसवला होता.

"आबा, तिसऱ्या पिनेला रेघ आहे."

"बघितली मी."

"मग?"

"जायला पुरेल."

"आणि यायला?"

त्यांनी लिव्हरची मूठ चिंधीनं पुसली आणि जागा मला दिली. लिव्हरला झटका देऊ नकोस, चढवताना हळू चढव, म्हणाले. मी म्हणाले, थांबा, आपण चौथा करू, अजून चांगला करू. ते म्हणाले, "वैजू, चौथा केला की ते दिसायचेसुद्धा नाहीत." माझ्या डोक्यावर त्यांनी हात ठेवला. हाताला साबणाचा वास होता. मी लहान असल्यापासून त्या हाताला तेलाशिवाय दुसरा वास मला माहीत नव्हता.

मी फेरे चढवले. नऊ हजारांच्या पुढं भिंत गेली आणि बाजूच्या भिंती माझ्याकडं आल्या. रेडिएटरचा स्टँड त्यांनी ढकलून एका कडेला चेपला, त्यामुळं आता मध्ये काही नव्हतं. सगळं सरळ दिसत होतं. आबा निघाले. गुडघ्यामुळं ते डाव्या बाजूला थोडं झुकून चालतात. एवढ्या अरुंद जागेत त्यांचा डावा खांदा भिंतीला घासत होता आणि पांढऱ्या सदऱ्यावर चुना लागत होता. त्यांनी मागं बघितलं नाही.

आवाजात काहीतरी सुटं झालं. चिरेला तोंड फुटलं की आवाज आधी गोड होतो, हे मला आबांनीच शिकवलं होतं. माझा हात आता मागं येऊ शकत नव्हता. मी सोडला तर तेही तिथं राहणार, आणि धरला तर क्रँक जाईपर्यंत मी धरूनच राहणार. मी धरून राहिले. भिंती माझ्या दंडांना लागल्या, मग लिव्हर धरलेल्या कोपराला. श्वास घेतला की छातीला भिंत लागायची, म्हणून मी थोडाथोडा घ्यायला लागले. इंजिन मात्र उघड्या तोंडानं भराभर हवा ओढत होतं.

आबा पोचले. फार लांब होते, पण दिसत होते. आई उठून उभी राहिली आणि तिनं पदर डोक्यावर घेतला. आबा समोर आल्यावर दादा आजवर कधी बसून राहिला नव्हता. तो उठला. त्यानं खुर्ची हातानं पुसली आणि आबांच्या मागं सरकवली. आबा बसले, पाय लांब केले. आई खाली वाकून त्यांच्या सदऱ्याचा चुना झटकत होती.

दादाला बसायला दुसरी जागा नव्हती. तो थोडा वेळ उभा राहिला. मग वळला आणि दोन्ही तळवे दोन्ही भिंतींना लावत, चाचपत, माझ्या दिशेनं चालायला लागला.