गिरिजाबाईंचा संगणक

गिरिजाबाईंचं शेवटचं डिझाइन हरवलं असं ज्या दिवशी कळलं, त्या दिवशी दोन शहाणी माणसं 'मॅक चांगला की विंडोज' यावर भांडत होती. मी टेबलाखाली पडलो होतो. मला कुणी काही विचारलं नाही.

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे. सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत मल्लिनाथ यांचा चादरींचा छोटा कारखाना आहे, आठ मागांचा. तिथं मी सतरा वर्षं काम केलं. मी कुठल्या मोठ्या कंपनीचा नाही. नवी पेठेतल्या एका दुकानदारानं चार ठिकाणचे भाग आणून मला जोडलं. माझ्यात विंडोज आहे, तेही फार जुनं. त्याचा मला अभिमान नाही आणि लाजही नाही. माझा अभिमान गिरिजाबाई होत्या.

त्या मल्लिनाथांच्या पत्नी. आधी त्या चौकटीच्या कागदावर रंगीत पेन्सिलीनं चादरीची नक्षी भरत. एक चौकट म्हणजे एक धागा. मी आल्यावर तेच काम त्या माझ्या पडद्यावर करू लागल्या. त्यांचं डिझाइन बघून पुठ्ठ्याच्या कार्डांना भोकं पाडली जात आणि ती कार्डं मागावर चढली की नक्षी विणली जाई. दर शनिवारी त्या माझं झाकण उघडून आत साचलेली सुताची धूळ ब्रशनं काढत. खंडेनवमीला माझी पूजा होई. कुणी पंख्याच्या जाळीवर कुंकू लावायला गेलं तर म्हणत, "तितं नको लावू. त्येला वारं लागतंय."

दिवाळीनंतर त्या वारल्या. माझं झाकण पुन्हा कुणी उघडलं नाही. धुळीनं माझा पंखा अडू लागला आणि मी तापून मध्येच बंद पडू लागलो. मुलगी सुकन्या हिचं लग्न वैशाखात होतं. तिच्यासाठी गिरिजाबाई माझ्यावर एक चादर काढत होत्या. ती चादर लग्नाआधी विणायची, एवढी एकच गोष्ट मल्लिनाथांनी मनात धरली होती. माझा भरवसा उरला नाही, म्हणून नवीन संगणक कुठला घ्यावा हे त्यांनी दोन जाणकारांना विचारलं. तिथंच चुकलं.

पहिले जाणकार अण्णाराव, गिरिजाबाईंचे भाऊ. चिंचोळी एमआयडीसीत हजेरीचे कारकून. विंडोजवर त्यांना दोन गोष्टी येतात, हजेरी भरणं आणि पत्ते खेळणं. दुसरा आरिफ. कारखान्याशेजारी त्याचा लग्नपत्रिकांचा छापखाना आहे आणि तिथं मॅक आहे. पत्रिकेवरचा गणपती इंचभर डावीकडं सरकवायला तो वापरतो.

"काका, मॅकचा रंग बघा एकदा. डोळ्यास्नी गारवा वाटतो," आरिफ म्हणायचा.

"गारवा पायजे तर कूलर घे की," अण्णाराव म्हणायचे. "दाजी, सगळ्या कचेऱ्या विंडोजवर चालत्यात. सगळी काय येडी हायेत व्हय?"

"तुमच्या कचेरीत पंखाबी चालत न्हाय, मामा."

सहा आठवडे हे चाललं. चहा मल्लिनाथांचा. एकदा पुण्याच्या पाहुण्यानं लिनक्सचं नाव काढलं, तर दोघांनी मिळून त्याला गप्प केलं. त्यांचं एकमत झालेलं मी तेवढंच पाहिलं. गिरिजाबाईंचं काम कशात आहे, कशात उघडतं, हे दोघांपैकी एकानंही बघितलं नाही. स्वतः काही न घडवणारी माणसं हत्यारावरून किती भांडू शकतात, हे तेव्हा कळलं.

शेवटी आरिफचा आवाज मोठा ठरला आणि मॅक आला. माझ्यातलं सामान पेनड्राइव्हवर घ्यायचं काम अण्णारावांनी अंगावर घेतलं. मी कसाबसा चालू झालो. त्यांनी पडद्यावर दिसणारी छोटी चित्रं तेवढी उचलून नेली. मित्रांनो, ती चित्रं म्हणजे दारावरच्या पाट्या. पाटी नेली म्हणून घर मागे येत नाही. पण अण्णाराव हात झटकून म्हणाले, "झालं बघा दाजी, समदं आलं." मग माझी वायर काढली आणि मला भंगारवाल्यासाठी टेबलाखाली सरकवलं.

मॅकवर काहीच उघडलं नाही.

"बघितलं? मॅकला कायबी कळत न्हाय," अण्णाराव म्हणाले.

"विंडोजचंच पाप हाय हे," आरिफ म्हणाला.

मल्लिनाथ उठले. बाहेर जाऊन बंद मागाजवळ बसले. आत भांडण चालूच राहिलं.

दहा दिवस मी तसाच पडून होतो. भंगारवाला आला नाही, हे माझं नशीब. मग सुकन्याचा पुण्याहून फोन आला. मल्लिनाथांनी चादरीचं सांगितलं. ती म्हणाली, "आप्पा, जुना कुटं हाय? त्यातच आसंल की."

एवढं साधं. दहा दिवसांत कुणाला सुचलं नव्हतं.

मल्लिनाथांनी स्वतः माझे स्क्रू काढले. आत सुताच्या धुळीची गादी झाली होती. त्यांनी ती हातानं उचलली आणि उरलेली ब्रशनं झाडली. त्यांना सवय नव्हती, दुपार गेली. मग वायर लावली. मी चालू झालो, आणि चालूच राहिलो. पडद्यावर चादरीची नक्षी उघडली.

तिच्या तीन कोपऱ्यांत तीन वेगळी चित्रं होती. एकात सुकन्याची शाळेची सायकल. दुसऱ्यात तिची वही चावणारी शेळी. तिसऱ्यात तिची मोडक्या दांडीची छत्री. चौथा कोपरा कोरा होता.

दोन्ही जाणकार लगेच हजर झाले. "मॅकवर सायकल उलटी करून चौथ्यात बसवतो, दोन मिनिटांत," आरिफ म्हणाला. "त्याला मॅक कशाला लागतो?" अण्णाराव म्हणाले.

"तुमी दोघं भाईर जावा," मल्लिनाथ म्हणाले. त्यांचा आवाज चढला नव्हता. दोघं गेले.

मल्लिनाथांनी सुकन्याला फोन लावला. "चौथ्यात काय काढणार हुती, तुला बोलली हुती का?"

"न्हाय, आप्पा. तुमाला?"

मल्लिनाथांनी माझ्या पडद्यावरच्या कोऱ्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. "मी इचारलंच न्हाय कधी," ते म्हणाले. "चहा मागायचो आन् जायचो."

मित्रांनो, संगणक कुठलाही घ्या. त्याची धूळ तेवढी काढत जा. आणि त्याच्यासमोर तुमच्या घरातलं कुणी बसत असेल, तर एकदा शेजारी जाऊन बसा. काय चाललंय ते विचारा.

लग्नाला एकवीस दिवस राहिले आहेत. माग तयार आहे, सूत रंगवून आलं आहे. चौथा कोपरा भरायचा राहिला आहे.