तिसरा पुरावा

प्रभंजनने लेथ मशीनचा तुटका पट्टा टेबलावर असा आपटला की दौत उलटली आणि दत्तात्रय सरांची 'प' अक्षराची टिपणे निळी झाली.

"ह्यो पट्टा, सर. युनियन केली म्हणून ह्येनंच मारलं माझ्या धाकट्या भावाला, पांडुरंगाला. गोकुळ रोडच्या कारखान्यात, खांबाला बांधून. आमी कामगार त्येला पट्टापूजा म्हणतो. तुमच्या पुस्तकात घाला."

सर कागद टिपत राहिले. बहात्तर साली कॉलेजातून निवृत्त झाल्यापासून सहा वर्षे ते सप्तापूरच्या या खोलीत एकट्याने सीमाभागाचा ज्ञानकोश रचत होते, आणि माणसांपेक्षा टिपणांना जपायची खोड त्यांना जडली होती. सोमवारी 'प' छापखान्यात जायचा होता.

"शब्द कालचा आहे. ज्ञानकोशात टिकणारे शब्द घालतात."

"भाऊ टिकला न्हाई, शब्द तरी टिकू दे की! पोलीस जमादारानं 'घसरून पडला' लिवलंय. म्हणतो, पट्टापूजा असलं काय नसतंच, कुठल्या पुस्तकात हाय ते दाखव."

प्रभंजनने पाठ फिरवून सदरा वर केला. त्याच्याही पाठीवर पट्ट्याच्या रुंदीचे काळेनिळे वळ होते, आणि पट्ट्याचा सांधा जोडणारी पत्र्याची क्लिप लागली होती तिथे मांस उघडे पडले होते. दारातल्या मथुराबाईंनी तोंडाला पदर लावला.

"अहो, घाला की. माणूस मेलाय."

"तीन छापील पुरावे लागतात," सर बायकोकडे न बघता म्हणाले. नियम त्यांनीच केला होता आणि तो त्यांना भारी प्यारा होता. "युनियनचं पत्रक एक. कोप्पीकर रोडच्या साप्ताहिकातली ओळ दुसरी. तिसरा आणा, लगेच घालतो."

"पेपरात आलं तर चालंल?"

"उत्तम. पण रविवारपर्यंत."

"आयतु, सर." ठरलं, एवढाच त्याचा सूर होता. पट्टा तिथेच ठेवून तो निघून गेला.

रविवारी सकाळी मथुराबाईंनी पेपर सरांपुढे टाकला आणि चहा न देताच त्या आत वळल्या. तिसऱ्या पानावर मोठ्या टाइपात होते: 'गोकुळ रोडवर पट्टापूजा'. शनिवारी पाळी सुटताना एक कामगार बातमीदाराला सोबत घेऊन कारखान्यात शिरला. खांबाला मिठी मारून उभा राहिला आणि ओरडला, "या, करा पट्टापूजा!" मालकाच्या माणसांनी केली. बातमीदाराने फटके मोजले होते, एक्केचाळीस. मग डोके फुटले. प्रभंजन इस्पितळात होता, शुद्धीवर नव्हता.

"आला म्हणायचा तुमचा पुरावा," आतून मथुराबाई म्हणाल्या.

सरांना स्वतःची इतकी किळस जन्मात आली नव्हती. तरी त्यांनी कोरे कार्ड पुढे ओढले, कारण आता त्यांच्या हातून तेवढेच होण्यासारखे होते. पट्टापूजा. अर्थ, ठिकाण, तिन्ही पुरावे. शेवटी माहिती देणाऱ्याचे नाव यायचे. तो हयात नसेल तर आधी 'कै.' लावायचे, हाही त्यांचाच नियम.

त्यांनी 'प्रभंजन' लिहिले, आणि नावाआधी एका अक्षराची जागा मोकळी सोडली.